अर्लीनची जागा

अर्लीन दारातच थांबली. "मी गायला आलेली नाही हं, ओथा. आधीच सांगून ठेवते."

"मी कुठे म्हटलं गा म्हणून? बस फक्त."

सोमवार असल्यामुळे क्लिओचं केस कापायचं दुकान बंद होतं. खुर्च्या भिंतीकडे सरकवून त्यांनी जागा केली होती. ओथा गिटार घेऊन बसला होता, क्लिओ ऑर्गनवर, टायरी ड्रमपुढे. 'रिव्हरबेंड सिक्स' या बँडमधले हे तिघं आणि चौथी अर्लीन, एवढेच आता उरले होते. शनिवारी गावच्या जत्रेत पंचेचाळीस वर्षांनी ते पुन्हा वाजवणार होते. त्यासाठी ओथा शिकागोहून बसने मिसिसिपीत आला होता.

अर्लीनच्या मागून तिचा मुलगा लेस्टर तळलेल्या माशांचा डबा घेऊन आत आला. दाढी पिकत आलेला, दाराएवढा माणूस.

"आई, आता तरी गा ना," तो म्हणाला. "बघ माझ्याकडे. चांगला खडखडीत आहे मी."

"शब्द मी तुला दिला नव्हता," अर्लीन म्हणाली.

लेस्टर तान्हा असताना ताप त्याच्या मेंदूत गेला होता. डॉक्टरांनी आशा सोडली तेव्हा अर्लीनने दवाखान्याच्या जिन्यात गुडघे टेकून देवाला सांगितलं होतं, पोर ठेव, बँडची ही गाणी मी सोडली. पोर राहिलं. त्यानंतर ती गायली ती फक्त चर्चमध्ये. ओथाने वर्षभर वाट पाहिली आणि मग शिकागोची गाडी धरली. तिथे त्याने पुष्कळ बायकांना साथ केली. चांगल्या गायच्या त्या. पण त्यांच्यासाठी त्याची बोटं कधी आपणहून हलली नाहीत.

"मग शनिवारी गाणार कोण?" टायरीने विचारलं. "माझ्या भाचीला बोलावू का? गोड गळा आहे पोरीचा."

"कोणी नाही गाणार," ओथा म्हणाला.

"आणि नुसतं टुणटुण ऐकायला लोक उन्हात बसणार होय? तू म्हातारा झालास, तुझा हट्ट मात्र अजून तरणाताठा आहे बाबा!"

"काठ्या उचल, टायरी."

त्यांनी ते संथ गाणं घेतलं. त्यात पूर्वी अर्लीन एक ओळ म्हणायची, मग ओथाची गिटार तिला उत्तर द्यायची. पुन्हा ओळ, पुन्हा उत्तर. आज ओथाने तिच्या ओळी मोकळ्या सोडल्या. तेवढा वेळ ऑर्गन आणि ड्रम दबक्या पावलांनी चालत राहायचे, आणि मग तो उत्तर द्यायचा.

त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. डोळे मिटून तो त्या मोकळ्या जागेत तिचा आवाज शोधत होता. शिकागोत, थंडीच्या दिवसांत, कामावरून चालत परतताना तो आवाज हमखास त्याच्या सोबत असायचा. आज ती हाताच्या अंतरावर बसली होती आणि तो आवाज काही केल्या आठवेना. पहिलं कडवं गेलं, दुसरं गेलं. शेवटच्या कडव्यात ती रिकामी जागा त्याला सोसवेना. त्याने उत्तर लवकर देऊन टाकलं आणि गाणं संपवलं.

क्लिओने चष्मा काढून पुसायला घेतला. लेस्टर उगाच डब्याचं झाकण उघडत होता.

अर्लीन ताठ बसली होती. पर्स मांडीवर, ओठ घट्ट मिटलेले. कपाळावर आणि वरच्या ओठावर घाम आला होता.

"जमलं का गं?" ओथाने विचारलं.

बोलायच्या आधी तिला श्वास घ्यावा लागला.

"शेवटी घाई केलीस," ती म्हणाली. "माझी ओळ संपायच्या आत उत्तर दिलंस. घे पुन्हा."