हौसाबाईंची प्रतिकृती

भूगोल विभागाच्या दारात हौसाबाई गावित पाण्याची बाटली घेऊन उभ्या होत्या. डॉ. इरावती मुजुमदारने त्यांना लगेच ओळखलं. चार वर्षं ती संगणकावर त्यांच्या प्रतिकृतीशी बोलत आली होती. पाहणीसाठी आता गावात कुणीच जात नसे. संगणक प्रत्येक गावकऱ्याची प्रतिकृती बनवी आणि तीच प्रश्नांना उत्तरं देई.

"बाई, आमच्या विहिरीचं पाणी चांगलंय असं तुम्ही लिहिलंत, म्हणून टँकर बंद झाला," हौसाबाई म्हणाल्या. "विचारलंत कुणाला?"

"तुम्हालाच," इरावतीच्या तोंडून निघून गेलं.

हौसाबाईंनी बाटली उघडली. खोलीभर कुजका वास पसरला. विभागप्रमुख सरदेशमुखांनी नाकाला रुमाल लावला.

"मॅडम, अकराला तुमची मुलाखत आहे. याच शोधनिबंधावर तुम्ही प्रोफेसर होणार. यांच्या प्रतिकृतीची काही तक्रार नाही. यांना बाहेर बसवा."

इरावतीला पाण्यापेक्षा त्या रुमालाची किळस आली, आणि मग स्वतःची. निबंध मागे घेत असल्याचं पत्र लिहून तिने ते सरदेशमुखांपुढे ठेवलं आणि हौसाबाईंकडे वळली.

"तुमच्या गावाची बस कुठून सुटते?"