सक्षम प्राधिकारी

“पण सक्षम प्राधिकारी म्हणजे नेमकं कोण?” मावशींनी खिडकीतून डोकं आत घालत विचारलं.

“ते तुमचं तुम्ही बघायचं, बाई,” कारकून भाऊसाहेब म्हणाले. “इथे फक्त अर्ज घेतात.”

मावशींची ही चौथी खेप होती. त्या सात वर्षं पाळणाघर चालवत होत्या. अकरा मुलं, त्यांच्या अकरा नोकरदार आया. आता नवा नियम आला होता. सोमवारपर्यंत ‘सक्षम प्राधिकाऱ्याची मान्यता’ जोडली नाही, तर पाळणाघर बंद. आज गुरुवार होता.

मावशींनी सगळीकडे विचारून पाहिलं होतं. अग्निशमनवाले म्हणाले, आम्ही आगीपुरते सक्षम. आरोग्यवाले म्हणाले, आम्ही तापापुरते. जेवताना त्यांनी नवऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, “आपल्या घरात तरी तूच.” त्यावर त्याला वाढलेली भाजी परत पातेल्यात गेली.

“नियमात कुठेतरी लिहिलंच असेल की,” मावशी हटेनात. “पुस्तक काढा. मी उभी राहते.”

मागे रांग वाढत होती. ब्याद टळावी म्हणून भाऊसाहेबांनी कपाटावरचं पुस्तक काढलं, झटकलं आणि मोठ्याने वाचायला घेतलं. “‘सक्षम प्राधिकारी’ याचा अर्थ, या कामासाठी नियुक्त केलेला अधिकारी, असा आहे, आणि असा अधिकारी नियुक्त केलेला नसेल तर...” त्यांचा आवाज एकदम खाली आला.

“नसेल तर काय?”

“अर्ज स्वीकारणारा कर्मचारी.”

“कुणाला नेमलंय का?”

“नाही.”

“आणि अर्ज कोण स्वीकारतं?”

शेजारच्या टेबलावरचा सहकारी खो खो हसत सुटला. “अभिनंदन, साहेब! पेढे कधी?”

भाऊसाहेबांना घाम फुटला. सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी ‘पुढे सादर’ याखेरीज कशाखालीही सही केली नव्हती. मंजूर करणारे नेहमी वरच्या मजल्यावर असत. आता वर कुणीच नव्हतं.

मावशींनी पेनाचं टोपण काढून पेन पुढे केलं. भाऊसाहेबांनी ते घेतलं, कागदापर्यंत नेलं आणि परत दिलं.

“न बघता कशी करू?” ते म्हणाले. “दुपारी येतो.”

टाळतायत झालं, असं मावशींना वाटलं. पण अडीच वाजता बेल वाजली. मुलं ओळीने झोपली होती. भाऊसाहेबांनी बूट बाहेर काढले आणि चक्क जमिनीवर बसले. मग रांगतच सगळ्या खोल्या फिरले. टेबलांचे कोपरे चाचपले. खिडकीच्या गजांतून डोकं जातं का, ते मुठीने मोजलं. न्हाणीघराच्या दाराशी मात्र थांबले.

“ही आतली कडी. मुलाच्या हाताला येते.”

“मग?”

“आत जाऊन लावली तर बाहेरून उघडणार कशी? वर बसवून घ्या. मग सही.”

“सात वर्षांत एक मूल अडकलं नाही!” मावशींचा आवाज चढला. एक पोर कुशीवर वळलं, तशा त्या कुजबुजत भांडू लागल्या. “आज गुरुवार आहे. सोमवारी कुलूप लागेल. एवढ्याशा कडीपायी?”

“अडकलं नाही, खरंय,” भाऊसाहेबही कुजबुजले. “पण मी ती पाहिली ना आता.”

मावशींना चार शब्द सुनवायचे होते. पण त्यांचीही नजर कडीवर गेली. सात वर्षं रोज दिसणारी ती कडी आज पहिल्यांदा इतकी खाली वाटली. त्या सुताराला फोन लावायला गेल्या.

शुक्रवारी दुपारी भाऊसाहेब पुन्हा आले. स्वतः न्हाणीघरात गेले, गुडघ्यांवर बसले, हात उंच केला. कडी हाताला लागली नाही. बाहेर आले तेव्हा पँट गुडघ्यांवर ओली झाली होती आणि चेहरा खुलला होता. त्यांनी कागद टेबलावर पसरला. ‘स्वतः पाहणी केली. मंजूर.’ असं लिहून पूर्ण नावाने सही केली. मग खिशातून शिक्का काढला आणि दोनदा फुंकर मारून उमटवला.

मावशींनी कागद उचलून दोन्ही हातांनी धरला. “झालं ना आता सगळं?”

“सरकारी काम झालं,” भाऊसाहेब म्हणाले. पण ते जागचे हलले नाहीत. दाराकडे पाहिलं, झोपलेल्या मुलांकडे पाहिलं आणि घसा खाकरला.

“ताई, माझी नात दीड वर्षाची आहे. लेकीचा कुणावर विश्वास बसत नाही, म्हणून वर्षभर घरी बसलीय. तिला आज सांगतो, मी बघून आलोय म्हणून. एक जागा होईल का?”