दगडातली चाकोरी

शैलेंद्र रिसीव्हर कानाला लावून डायल टोनशी बोलत होता.

“हो हो, शनिवारपर्यंत पोचतो. नाही रे, गाडी मस्त चाललीय. चल, ठेवतो.”

गॅस स्टेशनबाहेरच्या त्या फोनमध्ये त्याने नाणं टाकलंच नव्हतं. वायोमिंगच्या माळावर सेलफोनला रेंज नव्हती, आणि “गुरुदत्तला एकदा कळव तरी, कुठवर आलोय ते,” म्हणत शरयूने त्याला गाडीतून उतरवलं होतं. आता ती काचेतून त्याच्याकडेच बघत होती. गाडीमागे भाड्याचा ट्रेलर, आणि त्यात ओहायोतला अख्खा संसार.

“काय म्हणाला?” तो आत बसल्यावर तिने विचारलं.

“वाट बघतोय म्हणाला. सोमवारी जॉइन हो म्हणे.”

शरयू नवऱ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. “असं म्हणाला?”

“हो. का?”

“काही नाही. चल.”

गुरुदत्त हा शैलेंद्रचा पुण्यातला कॉलेजचा दोस्त. कॅलिफोर्नियात त्याची स्वतःची छोटी कंपनी होती आणि शैलेंद्रला त्याने मोठ्या हौसेने बोलावलं होतं. ट्रेलर भरून झाला त्या संध्याकाळी त्याचा फोन आला. “यार, तुला नाही घेऊ शकत. कारण विचारू नकोस. सॉरी.”

२००२ साल होतं. कंपन्या पत्त्यांच्या बंगल्यासारख्या कोसळत होत्या, कारण विचारायची गरजच नव्हती. ओहायोतल्या डब्लिनमधली नोकरी सुटलेली, अपार्टमेंटच्या किल्ल्या सकाळी परत द्यायच्या. शरयू रिकाम्या स्वयंपाकघरात ओटा पुसत होती.

“कुणाचा फोन?”

“गुरुदत्तचा. सांभाळून ड्राइव्ह करा म्हणाला.” बोलून गेला, आणि मग ते मागे घेता येईना.

तिथे गेल्यावर काहीतरी बघू, असं तेव्हापासून तो स्वतःला बजावत होता. शरयूचं मन डब्लिनमध्येच रमलं होतं. तिथल्या लायब्ररीत तिला काम मिळालं होतं, मैत्रिणी झाल्या होत्या. “इथे काय वाईट आहे?” असं तिने एकदा विचारलं होतं. त्याने हसून विषय बदलला होता. आता तिला सांगायचं तरी कुठल्या तोंडाने?

त्यात तिने वाटेत थांबायचा सपाटाच लावला होता. कधी नदी बघू, कधी नुसताच चहा घेऊ. आज तर हायवे सोडून इतक्या आत यायला लावलं होतं.

“दीडशे वर्षांपूर्वी लोक बैलगाड्यांतून संसार घेऊन इथूनच पश्चिमेला गेले. दगडात चाकोऱ्या पडल्यात म्हणे. एवढं बघू ना!”

नदीपलीकडच्या टेकडीशी त्यांनी गाडी उभी केली. वर कुणीच नव्हतं. फिकट वाळूच्या दगडात चाकांनी खोल घळ कोरून काढली होती. शैलेंद्र आत उतरला तर दगडाच्या कडा त्याच्या छातीपर्यंत आल्या. पश्चिमेकडे आभाळ काळंनिळं झालं होतं.

“शरयू, निघू या. वादळ येतंय.”

ती पुढेच चालत राहिली. “काही जण इथून परतही फिरले असतील, नाही?”

“असतील.”

“घरी काय सांगितलं असेल त्यांनी?”

“मला काय माहीत!” तो खेकसला. मग आवाज खाली आणत म्हणाला, “चल ना गं.”

पहिली वीज नदीवर पडली. पाठोपाठ गारा सुरू झाल्या, लिंबाएवढ्या. शरयू टेकडीच्या माथ्याकडे धावली तशी त्याने तिचा दंड धरून तिला खाली ओढलं. “वर नको! चाकोरीत बस!” दोघं दगडाला चिकटून बसले. त्याने जॅकेट काढून दोघांच्या डोक्यावर धरलं. गारा त्याच्या बोटांवर आपटत होत्या. तेवढ्यात कानठळ्या बसवणारा आवाज झाला आणि माथ्यावरचं पाइनचं झाड उभं चिरलं. जळक्या लाकडाचा वास खाली आला. शरयूने त्याचा शर्ट मुठीत धरला होता. तिच्या छातीतली धडधड त्याला स्वतःच्या हाताला जाणवत होती.

आपण तिला इतक्या लांब आणलं. खोटं बोलून आणलं. आता काही झालं असतं तर?

“शरयू, ऐक. तिथे नोकरी नाहीये.”

तिने शर्टावरची मूठ आणखी आवळली.

“गुरुदत्तने नाही म्हणून सांगितलं. निघायच्या आदल्या संध्याकाळीच. मघाशी फोनवर मी कुणाशीच बोललो नाही. माझी हिंमतच झाली नाही गं. तुझं सगळं सोडायला लावलं मी, आणि… ओरड माझ्यावर. काहीतरी बोल.”

गारा थांबल्या. चाकोरीतून गढूळ पाणी त्यांच्या बुटांवरून वाहत होतं. शरयूने जॅकेट बाजूला केलं. ती ओरडली नाही. रडत मात्र होती.

“‘शैलेंद्रला घेऊ नकोस’ म्हणून गुरुदत्तला मीच सांगितलं होतं,” ती म्हणाली. “मला वाटलं, त्या संध्याकाळी तू फोन ठेवशील आणि म्हणशील, शरयू, सामान उतरव.”