उसनी कपाशी

“हे सगळं रान आपलंच,” असं म्हणत काकासाहेबांनी शेजारच्या बद्रीनाथच्या शेतात पाय ठेवला.

पाहुणे मान वर करून बघत राहिले. वर करूनच बघावं लागत होतं. कपाशी पुरुषभर उंच, काळपट हिरवी, पानं ताटाएवढी. सिल्लोडहून आलेले मुलीचे वडील सांडूभाऊ दोन सऱ्या आत शिरले, तर त्यांची नुसती टोपी दिसू लागली. टोपी हलत होती, म्हणजे माणूस खूश होता.

काकासाहेबांचं स्वतःचं शेत बांधाच्या पलीकडे होतं. ते दाखवायची त्यांना लाज वाटत होती. त्यांच्या पोरानं, सोमनाथनं, यंदा मातीची तपासणी करून आणली होती आणि त्या कागदात लिहिलं तेवढाच युरिया, तोही तीन वेळा थोडा थोडा, पंगतीत तूप वाढावं तसा घातला होता. दसरा तोंडावर आला तरी कपाशी कमरेच्या वर जाईना. देवगाव रंगारीत रस्त्यानं जाणारा माणूस बद्रीनाथचं पीक बघून गाडी थांबवायचा आणि सोमनाथचं बघून काकासाहेबांना विचारायचा, दुबार पेरणी केली का म्हणून.

सोमनाथ एकतीस वर्षांचा झाला होता आणि नऊ स्थळं परत गेली होती. मुलगा शेती करतो म्हटलं की लोक विहिरीचं पाणी विचारायचे, पोहे खायचे आणि कळवतो म्हणून जायचे. कुणी कळवत नव्हतं. हे दहावं स्थळ. हेही गेलं तर पोरगं असंच राहणार, या भीतीनं काकासाहेबांना आठ दिवस घास गोड लागत नव्हता. शेवटी त्यांनी शेजाऱ्याकडून कपाशी उसनी मागितली, एका सकाळपुरती. पाहुणे सातबारा तपासायला थोडेच येतात, असा त्यांचा हिशेब होता. बद्रीनाथ इतका खूश झाला की चुलतभाऊ बनून स्वतःच सोबत आला. आपल्या पिकाचं कौतुक त्याला आपल्या कानांनी ऐकायचं होतं.

“दादा, खोटं कशाला बोलायचं?” सोमनाथ सकाळी बापाला म्हणाला होता.

“तू फक्त तोंड उघडू नको,” काकासाहेबांनी बजावलं होतं. “तू तोंड उघडलं की पोटॅशवर येतो.”

घोटाळा एकच झाला. शेत बघायला मुलगी स्वतः येईल, हे काकासाहेबांच्या स्वप्नातही नव्हतं. प्रेरणा शेतीची पदवी घेतलेली होती आणि जीपमधून उतरली तीच पायात बूट घालून. सगळे वर बघत होते तेव्हा ती खाली वाकली. तिनं पानं बाजूला सारली, एका झाडावर बुडापासून शेंड्यापर्यंत हात फिरवला. मग दुसऱ्या झाडावर. मग तिसऱ्या.

शांतता काकासाहेबांना सोसेना. “एकरी पाच पोती युरिया ओतलाय,” ते छाती काढून म्हणाले.

“सहा,” मागून चुलतभाऊ म्हणाला.

“दिसतंय,” प्रेरणा उठून उभी राहिली. “नत्र लई झालं, काका. झाड माजलंय. सगळी ताकद पाल्यात गेली. फुलाचं पातं लागत नाय, लागलं तर गळतंय. पोटॅशचा एक दाणा पडलेला दिसत नाय. वरून कोवळ्या पानांवर मावा बसलाय. एवढ्या मोठ्या झाडाला तीन बोंडं हायेत. यातून कापूस निघायचा नाय, शेरडांना चारा मात्र लई निघंल.”

सांडूभाऊंची टोपी हलायची थांबली. बद्रीनाथ तोंडातली सुपारी चघळायची विसरला. दहावं स्थळ जीपमध्ये बसून निघून चाललंय, हे काकासाहेबांना उघड्या डोळ्यांनी दिसू लागलं. सहा पोती आपली नव्हेत, हे सांगायचीही सोय त्यांनी ठेवली नव्हती.

तोवर प्रेरणा बांध ओलांडून पलीकडे गेली होती. तिकडच्या कमरेएवढ्या कपाशीत ती एका झाडापाशी उकिडवी बसली आणि मोठ्यानं बोंडं मोजू लागली. वीस झाली, तीस झाली. पन्नासनंतर तिनं मोजणं सोडून दिलं. एक टपोरं बोंड बोटांनी दाबून बघितलं, मूठभर माती उचलली, कुस्करली आणि परत टाकली. मग ती बांधावर आली आणि बापाच्या कानाला लागली.

सांडूभाऊंनी आधी नाही म्हणून मान हलवली. लेक पुन्हा काहीतरी पुटपुटली. तेव्हा त्यांनी टोपी काढून झटकली, परत घातली आणि घसा खाकरला.

“पाव्हणं, राग मानू नका,” ते म्हणाले. “आता आलोच हाये तर इचारून घेतो. बांधापलीकडलं रान ज्यांचं हाय, त्यांच्या घरात लग्नाचं पोरगं हाय का?”

सोमनाथ लालबुंद होऊन मातीकडे बघत राहिला. बद्रीनाथ आभाळाकडे बघू लागला. काकासाहेबांनी पलीकडच्या त्या बुटक्या पिकाकडे पाहिलं. चार महिन्यांत त्यांनी त्याच्याकडे धड बघितलंच नव्हतं. बोंडांच्या भारानं फांद्या जमिनीला टेकल्या होत्या. पिकाची लाज वाटली म्हणून आपण पोरालाच लपवायला निघालो होतो, हे त्यांना कळलं.

“हाय,” ते म्हणाले. “पोरगं लाखात एक हाय. बाप तेवढा खोटारडा हाय.”