काउंटरवर कोणी नव्हतं

"मॅडम, शोधनिबंध शोधायचा कसा?" पहिल्या वर्षाच्या सविता पावराने विचारलं.

काउंटरवरच्या ग्रंथपाल गद्रे मॅडमनी मान वर केली नाही. "व्हिडिओ कशाला केलाय मी?"

"चार वेळा पाहिला. शेवटी त्यात तुम्हीच म्हणालात, 'सविता, अजून अडतंय ना? लाजू नकोस, काउंटरवर ये, मी आहे.'"

मॅडम चपापल्या. असं त्या कधी बोलल्याच नव्हत्या. पण पाहणाऱ्याचा चेहरा वाचून व्हिडिओ हल्ली पुढचं आपणच बोलत असे, त्यांच्याच तोंडून.

"व्हिडिओतल्या मॅडम वेगळ्या असतील," सविता पुटपुटली आणि परत पडद्यासमोर जाऊन बसली.

"आलीस? बस," पडद्यावरून मॅडमचाच आवाज आला. "काउंटरवर कोणी नव्हतं का?"

सविताने मागे वळून पाहिलं.

"नव्हतं."

मॅडमना आता मान वर करवेना.