गव्हातली लाल रेघ

ड्रोनच्या फोटोंचा नकाशा जमिनीशी जुळावा म्हणून शेताच्या बांधावर पांढरी पाटी ठेवून तिथं एकानं उभं राहायचं. ड्रोन मी उडवायची, पाटीशी धाकटा भाऊ श्रेयस. महिन्यापूर्वी म्हणाला, “ताई, आता तू उभी राहा. मला धूप सहन होत नाही.”

नकाशे तोच बनवतो. आज फ्रीगंजच्या ऑफिसात मी ते पहिल्यांदा उघडले.

हिरव्या गव्हात मेलेल्या पिकाची लाल रेघ, दर आठवड्याला पाटीकडे सरकणारी. शेतात तर एक रोपही वाळलेलं नाही.

प्रत्येक नकाशावर त्यानं अंतर मोजून लिहिलं होतं. आम्ही जागा बदलल्या त्या दिवशी: सहा मीटर. गेल्या आठवड्यात: एक.

“ताई, चल ना,” श्रेयस दारातून म्हणाला. “पाटी गाडीत ठेवलीय. बस, आज शेवटची उडान.”