अपडेटनंतरची हाक

म्हादबांनी किती चुचकारलं, तरी चंद्री म्हशीने पान्हा चोरला.

ऑपरेशनमध्ये त्यांचा आवाज गेल्यापासून गळ्यातलं यंत्रच त्यांच्या जुन्या, घोगऱ्या आवाजात बोलायचं. काल त्याची सिस्टिम अपडेट झाली. नव्या सिस्टिमला तो आवाज चालेना; तिने आपलाच एक मऊ, घोटीव आवाज बसवला. जुना परत आणायची सोय नव्हती.

"मुकं जनावर हाय ते, व्हईल सवय," बायको हौसाबाई म्हणाली. "मला तर ग्वाड वाटतोय."

रिकामी चरवी घेऊन ती घराकडे वळली. मागून हाक आली, "हौसे!"

परका माणूस दारात यावा, तसा तिने झटकन डोक्यावर पदर ओढला.

म्हादबांनी ते पाहिलं. गळ्यातलं यंत्र काढून त्यांनी गोठ्यातल्या खुंटीला टांगलं.